पालथे हंडे

१

खळ्यावर भात झोडून श्रीपती घरी आला, ओट्यावर टेकला, एकामागून एक तीन तांबे पाणी प्याला आणि चौथ्यासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. कस्तुराबाई पोचली तेव्हा त्याचे ओठ निळे झाले होते. थंडीनं होतात तसे नव्हे; दौतीतली शाई बोटानं पुसून लावावी तसे. नखंही तशीच.

"आत्ता बोलत व्हता वो मावशी," त्याची बायको सांगत होती. "म्हणला, पाण्याला बोंबलाचा वास मारतोय. मी म्हणलं, त्या मकसूदचं दुकान टाकीला लागून, दुसरा कशाचा मारणार?"

कस्तुराबाई ओव्हाळ ही कुसवड्याची आशा, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यकर्ती. गावात दीडशे घरं, आणि दीडशे घरांची जंत्री तिच्या रजिस्टरात: कोण गरोदर, कुणाला साखरेच्या गोळ्या, कुणाच्या पोराचा डोस राहिला. रजिस्टरात न लिहिलेली जंत्री याहून मोठी होती. ती डोक्यात असे आणि सवडीनं जिभेवर येई. गावातली निम्मी टोपणनावं तिनं ठेवलेली. लोक तिला भीत, आणि संध्याकाळी बसायलाही तिच्याच ओट्यावर येत.

सतरा वर्षांत तिनं हिवताप पाहिला, कावीळ पाहिली, साप चावून काळं पडलेलं अंग पाहिलं. निळा माणूस पाहिला नव्हता. तिनं आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी दम्याचं विचारलं, मग खाण्याचं. मग विचारलं, "पाण्याला काही वास होता का?"

"बोंबलाचा म्हणत व्हता."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"मावशी, नळाचं पाणी थांबवा. सगळ्या गावाचं. आत्ताच्या आत्ता."

ती फोन पदरात खोवतेय तोवर श्रीपतीची मान कलली. त्याची बायको किंचाळली, आणि त्याच क्षणी समोरच्या दारातूनही किंचाळी आली. तिथं विठाबाई उंबऱ्यावर आडवी पडली होती. विठाबाई म्हणजे धोंडिबाची बायको; आणि धोंडिबा म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस.

२

दहा चाळीसला कस्तुराबाईनं पंचायतीच्या भोंग्यावरून पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं. तोवर गावानं चहा घेतला होता, भाकरी थापली होती, पोरांच्या बाटल्या भरून शाळेत गेल्या होत्या. एक वाजेपर्यंत तेवीस माणसं तळेगावच्या दवाखान्यात होती. श्रीपती वाटेतच गेला. विठाबाईला प्राणवायू लावला होता आणि डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते.

झालं ते असं. वरच्या अंगाला, आंबीच्या बाजूला वज्रांग केमिकल्स नावाचा रंगाचा कारखाना. तिथं पहाटे साडेपाचला ॲनिलिनचा पाइप फुटला. ते नाल्यात उतरलं, नाल्यातून इंद्रायणीत, आणि नदीकाठच्या जॅकवेल नावाच्या विहिरीतून पंपानं गावाच्या टाकीत. हे रसायन पोटात गेलं की रक्त प्राणवायू धरेनासं होतं आणि माणूस निळा पडतो. वास मात्र सुक्या मासळीचा. कुसवड्यानं सकाळभर मकसूदच्या दुकानाला शिव्या दिल्या आणि पाणी पीत राहिलं.

पंचायतीच्या कचेरीत नायब तहसीलदार प्रतीक्षा मॅडम येऊन बसल्या होत्या. शेजारी कारखान्याचा सुरक्षा अधिकारी पवन. नोकरीला लागून दोन महिने झालेले, कॉलर घामानं भिजलेली. त्यानं रजिस्टर पुढे केलं. 'सकाळी ७.०५. कुसवडे ग्रामपंचायतीस दूरध्वनीवरून कळवले.'

"साडेपाचला फुटलं आणि सात पाचला कळवलं?" मॅडम म्हणाल्या.

"वरून परवानगी यावी लागते, मॅडम. पण कळवलं." पवननं मोबाइल दाखवला. पंचायतीच्या लँडलाइनला लावलेला फोन, बेचाळीस सेकंद. "मी म्हटलं, गळती झालीय, नदीचं पाणी वापरू नका. समोरून गावाकडचा आवाज आला, 'बरं, सांगतो.' नाव नाही सांगितलं."

कचेरीची किल्ली कुणाकडे असते? धोंडिबाकडे. टाकीच्या वॉलची चावी कचेरीतल्या खुंटीवर, ती घ्यायला तो रोज सातला येतो. साडेसातला वॉल खोलतो. आजही खोलला.

दारातली गर्दी आत सरकली. "म्हातारा इसरला!" कुणीतरी ओरडलं. "फोन उचलला आन इसरला! माणूस मारला त्यानं!"

धोंडिबा कोपऱ्यात उभा होता. हातातली टोपी पिळून पिळून तिची दोरी झाली होती. "मी फोन उचलला न्हाई वो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मला दवाखान्यात जाऊ द्या. ती एकलीच हाय."

सरपंच बाजीराव पुढे झाला. "मॅडम, गाव तापलंय. ह्याला हितनं न्या, न्हाईतर हितंच काहीतरी व्हईल." तेवढ्यात त्याच्या खिशात सनई वाजली आणि तो फोन कानाला लावून बाहेर गेला.

"तीन वाजता पोलिस याला घेऊन जातील," मॅडम म्हणाल्या. मग कस्तुराबाईकडे वळून, "तुम्ही आशा ना? तीनच्या आत मला घरवार यादी हवी. कोण प्यालं, कोण आजारी."

भिंतीवरचं घड्याळ एक वीस दाखवत होतं.

३

यादी करायची म्हणजे घरं हिंडायची, आणि घरं हिंडताना कस्तुराबाईचे कान कधी रिकामे नसत. पण आज ती आधी धोंडिबापाशी थांबली. पहाऱ्यावरच्या शिपायानं तिला वाट दिली.

"भाऊ, खरं सांगा. फोन वाजला आन तुमच्या ध्यानात न्हाई आलं, आसं तर न्हाई?"

"कस्तुरे, त्यो फोन वाजतच न्हाई. दोन वर्सं झाली. मी सकाळी आलो की त्याच्यावर टोपी टांगतो." धोंडिबानं टेबलाकडे बोट केलं. करड्या रंगाचा फोन, वर धुळीचा थर, आणि मधोमध टोपीच्या आकाराचं स्वच्छ वर्तुळ. "आन मला ठावं आसतं तर म्या तिला हंडा भरून दिला आसता का गं? माझ्या हातानं दिला."

हे त्यानं रडत सांगितलं असतं तर कस्तुराबाईला थोडी शंका आली असती. तो हिशेब लागत नसलेल्या माणसासारखा बोलत होता.

मकसूद दुकानाच्या फळीवर बसून होता. बोंबलाच्या पेट्या त्यानं आत ओढल्या होत्या. "मावशी, सकाळपासून शिव्या खातोय. आठला चार बाया येऊन भांडून गेल्या, तुझ्या मासळीनं टाकी नासली म्हणून. मी म्हटलं, आज दुकान उघडलंच नाही अजून, वास कुठनं येईल? तर म्हणे कालचा."

"तुला वास आला व्हता?"

"मला बोंबलाचा वास कसा येणार? मी त्यातच झोपतो."

कस्तुराबाई हसली नाही. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

घर क्रमांक एक ते चाळीस: आजारी सात. एकेचाळीस ते नव्वद: आजारी अकरा. बौद्धवाडी: आजारी पाच, त्यात तिची सख्खी पुतणी. तिनं आकडे लिहिले, दोनदा मोजून पाहिले. मग ती वरच्या आळीत शिरली.

वरची आळी म्हणजे सरपंचाची भावकी, नऊ घरं. आणि नऊही घरांपुढे, पाण्याच्या पाळीच्या दिवशी, हंडे पालथे घातलेले होते.

कुसवड्यात पाणी दिवसाआड येतं. त्या दिवशी बायका हंडा, कळशी, बादली, पातेलं, लग्नात आलेला न उघडलेला डबासुद्धा भरून ठेवतात. इथं कोरडी भांडी उन्हात ओळीनं तोंड खाली घालून बसली होती, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

तिनं नऊच्या नऊ दारांत विचारलं. कुणालाही काही झालं नव्हतं. कुणी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, अगदी चहासुद्धा नाही.

रजिस्टरात तिनं लिहिलं: वरची आळी, घरं नऊ, आजारी शून्य. आणि पेन्सिल तिथंच टेकवून राहिली.

४

"एकवीरेची किरपा," अंबाजी म्हणाला. आळीतला सगळ्यात वयस्कर माणूस, ऐंशीला टेकलेला, आणि त्याला ही गोष्ट दिवसभरात विसाव्यांदा सांगताना पहिल्याइतकीच गोडी वाटत होती. "सकाळी निरोप आला, कार्ल्याची आत्या गेली. मयताचा निरोप आल्यावर भरलेलं पाणी ओतत्यात, तुला म्हाईत आसंल."

"आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, आबा. तवापास्नं आमच्यात ही ओताओत न्हाई. नीट सांगा, काय काय करता."

"काय करायचंय? मयत झालं, घरातलं पाणी शिळं झालं. ते ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. चूल बंद. आमच्या बानं केलं, आमी करतो."

"मग आत्या?"

अंबाजीच्या मिशीखाली हसू दाटलं. "धाला मी कार्ल्याला फोन लावला. माती कितीला हाय म्हणून इचारावं. तर फोन उचलला कुणी? आत्यानं! मी म्हणलं, कोण बोलतंय? तर म्हणती, मी बोलतेय मुडद्या, तू कोण? मी आपलं चाचरत इचारलं, तर आसल्या शिव्या दिल्या, आसल्या दिल्या... व्हटेलाच्या दारात गिऱ्हाइकाला भजी वाढत व्हती!" तो हसता हसता थांबला, खाली मळ्याकडे, श्रीपतीच्या घराकडे पाहिलं आणि मिशी पुसली. "खोटा निरोप, पर नऊ घरं वाचली बघ."

"निरोप कितीला आला?"

"सव्वासात, साडेसात. नळाला पाणी यायच्या आत."

कस्तुराबाईनं ती वेळ समासात लिहून घेतली. देवीच्या कृपेबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण देवीला निरोप धाडायचाच होता तर दीडशे घरांना धाडायला तिला कुणाची अडचण होती? ज्यानं हा निरोप धाडला त्याला सव्वासातला पाण्याचं ठाऊक होतं.

आळीत कारखान्यात जाणारा एकच माणूस होता, संदेश. रात्रपाळीचा. तो दारात बसला होता, अंगावर कंपनीचा शर्ट, डोळे लाल.

"तूच आत्याला मारलंस ना रे?" कस्तुराबाईनं सरळ विचारलं.

संदेशनं मान हलवली. "मावशी, रात्रपाळीला फोन गेटवर जमा करावा लागतो. पाइप फुटल्यावर आम्हाला कुणालाच सोडलं नाही. धुवायला लावलं. सव्वानऊला घरी एक फोन करू दिला, तोही साहेबासमोर; घरचे म्हणाले, आत्या गेलीय, पाणी ओतलंय, आणि गावाचं बोलायच्या आत फोन परत काढून घेतला." त्यानं तळहात पुढे केले, सोलून निघाले होते. "मला कळत होतं, मावशी. सहापासून कळत होतं, खाली आपलं गाव आहे म्हणून. काय करणार होतो? भिंतीवरून ओरडणार होतो?"

तो नव्हता. त्याचा फोन घरी लागायच्या दोन तास आधी आत्या मेलेली होती.

"मग निरोप आणला कुणी?" तिनं अंबाजीला हाक मारून विचारलं.

"आणला म्हंजे? बाजीरावाची मंडळी दारोदार सांगत आली की."

५

बाजीरावाची बायको तांदूळ निवडत होती, पण सुपातले खडे तांदळात आणि तांदूळ खड्यांत चालले होते.

"ह्यांचाच फोन आलता वयनी," ती म्हणाली. "सकाळी फिरायला गेलते, तितनं. म्हणले, आत्या गेली, भावकीत सांग, भरलेलं पाणी ओता. आन माती व्हईस्तवर नवीन धरू नका. नळ आला तरी धरू नका. तीनदा सांगितलं."

"तीनदा?"

"व्हय. मी म्हणलं, आज पाळीचा दिस, मग दोन दिस पाणी कुटनं आणू? तर अंगावर आले. म्हणले, बाईमाणसानं रीतीत तोंड घालू नये."

कस्तुराबाई तिथून निघाली ती पंचायतीच्या वाटेला लागली. अडीच होऊन गेले होते. बाजीराव पिंपळाच्या पारावर दोन वार्ताहरांपुढे उभा होता. तिनं त्याला बाजूला घेतलं.

"सरपंच, आत्याचा निरोप तुमाला कुणी दिला?"

"कार्ल्याहून कुणाचा तरी फोन आलता. चुकीचा निघाला. आसं व्हतं." तो सहज बोलला, जरा जास्तच सहज. "मावशी, आज हे काय इचारायचा दिवस हाय?"

"फोन दावा की."

"नंबर ऱ्हायला न्हाई." आणि खिशात सनई वाजली. त्यानं नंबर पाहिला, कानाला लावला, "व्हय, कुसवडे ग्रामपंचायत... व्हय, सरपंचच बोलतोय," म्हणत पाठ फिरवली.

कस्तुराबाई जागच्या जागी उभी राहिली.

सकाळपासून कचेरीत सगळं जग लोटलं होतं. तहसील, पोलिस, आरोग्य खातं, पेपरवाले. सरकारी कागदावर कुसवड्याचा एकच नंबर, तो टेबलावरच्या करड्या फोनचा. आणि तो फोन सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. टोपीचं वर्तुळ जसंच्या तसं होतं. तार तुटली असती तर पवनचा फोन लागलाच नसता. पण तो लागला होता, बेचाळीस सेकंद.

म्हणजे तो दुसरीकडे कुठंतरी वाजला होता.

ती धावली. पन्नाशी उलटलेली बाई धावतेय हे पाहून पारावरच्या माणसांनी पाय आखडून घेतले.

६

पोलिसांची जीप सुरू झाली होती. धोंडिबा मागं बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

"मॅडम, यादी," कस्तुराबाई धापा टाकत म्हणाली. "पर यादीच्या आधी एक काम करा. तुमच्या फोनवरनं ह्या कचेरीला फोन लावा."

"मी कचेरीतच बसलेय."

"तरी लावा. बाकीचे बी आत या. सरपंच, तुमी बी या."

मॅडमनी पवनच्या रजिस्टरात पाहून नंबर फिरवला. खोलीत वीसेक माणसं होती आणि सगळी टेबलावरच्या फोनकडे बघत होती. तो गप्प होता. मॅडमच्या कानाशी मात्र घंटी वाजतेय हे पहिल्या ओळीतल्यांना ऐकू गेलं.

आणि दाराजवळ सनई वाजली.

बाजीरावाचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि वाटेतच थबकला. सनई वाजत राहिली. लग्नातली, गोड, लांबलचक. ती कुणी बंद करीना. शेवटी मॅडमनीच फोन ठेवला, तेव्हा थांबली.

"दोन वर्सांमागं हा फोन तुमी खिशाकडं वळवून घेतला," कस्तुराबाई म्हणाली. "गावाचा कारभार आपल्या हातात ऱ्हावा म्हणून. धोंडिबा त्याच्यावर टोपी टांगतो ते ह्यामुळं. सात पाचला पवनसाहेबांशी 'बरं, सांगतो' म्हणलं कोण, ते आता सांगायला नको."

"तरी म्हटलं," पवन पुटपुटला, "हाच आवाज."

"मी... घाईत व्हतो. इसरलो आसंल," बाजीराव म्हणाला.

"इसरला न्हाईत. सव्वासातला कार्ल्याची आत्या मारलीत. आबा, तुमी सांगा, मयत झाल्यावर पाण्याचं काय करत्यात?"

अंबाजी गर्दीतून पुढे आला. "शिळं ओतायचं, ताजं भरायचं."

"आन आज?"

म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. "आज... ताजं बी धरू नका म्हणून निरोप व्हता." त्यानं बाजीरावाकडे पाहिलं. "आसली रीत न्हाई आपल्यात, बाजीराव. ऐंशी वर्सांत मी ऐकली न्हाई."

"रीत शिळ्या पाण्याची," कस्तुराबाई म्हणाली. "सरपंचाला भ्याव व्हतं ताज्याचं. पाणी पिऊ नका म्हणलं आसतं तर भावकीनं इचारलं आसतं, का? मयताच्या निरोपाला कुणी का म्हणत न्हाई."

मग श्रीपतीचा भाऊ सरपंचाच्या अंगावर धावला, आणि त्याला आवरायला चौघं लागले.

७

बाजीराव खुर्चीत बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला.

"माझी खात्री नव्हती," तो म्हणाला. "ह्यो साहेब म्हणला गळती हाय. किती, कसली, काय न्हाई. मी चार फोन लावले, कुणी उचलीना. म्हणलं, जाऊन बघू, खात्री करू, मग सांगू. कारखान्याच्या गेटवर मला बसवून ठेवलं. साहेब मीटिंगमधी म्हणं. आकराला माघारी आलो तर..." त्यानं हातानं दाराबाहेरचं गाव दाखवलं.

"वॉल खोलू नको, एवढं धोंडिबाला सांगायला काय झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

"पाणी का न्हाई म्हणून गाव इचारणार. मग पुन्हा भोंगा. आन पुन्हा काय निघालं नसतं तर?" त्यानं वर पाहिलं. "मागल्या साली, दिवाळीच्या तोंडाला, तुमाला ठावं हाय की सगळ्यांना. कारखान्यावर ढग दिसला, मी भोंग्यावर सांगितलं, पळा. माणसं गुरं घेऊन डोंगरात पळाली. निघाली नुस्ती वाफ. त्या दिसापास्नं मला नाव काय पडलं? भोंगा सरपंच. लग्नात गेलो तर पोरं मागनं भोंऽऽ करत्यात. माझ्या लेकीच्या सासरी पोचलं ते नाव. कुणी ठेवलं व्हतं?"

बघायचं तिकडे दोनचार डोळे गेलेच.

"मी," कस्तुराबाई म्हणाली.

तिला ती संध्याकाळ आठवली. तिचाच ओटा. तिनं नाव उच्चारलं आणि बायका पोट धरून हसल्या. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं तर विठाबाई. तिच्या तोंडून निघालेली नावं गावभर फिरतात याचा तिला आजवर तोराच होता. ती फिरत फिरत कुठं पोचतात, याची नोंद तिनं कधी ठेवली नव्हती.

तरी ती त्याच्यासमोर खाली बसली. "नाव मी ठेवलं, ते माझ्याकडं लागलं. पर सरपंच, खात्री नव्हती म्हणता ना? नऊ घरांपुरती व्हती की. तितं खात्री करायला गेटवर न्हाई गेलात. आधी ओता म्हणलात. एकशे एकेचाळीस घरांना तेवढीच खात्री पुरली आसती."

बाजीरावानं तोंड ओंजळीत झाकलं.

"आन दुपारपास्नं धोंडिबाला शिव्या बसताना बघत व्हता," ती उठता उठता म्हणाली. "त्याची तर खात्री व्हती ना, की त्यो न्हाई म्हणून?"

मॅडमनी पवनचं रजिस्टर आपल्या फायलीत घातलं. साडेपाच ते सात पाच, दीड तास कुणाची परवानगी चालली होती, हे त्या सावकाश विचारणार होत्या. एका फोनवर बरोबरची खूण करून सुटका झाली असं पवनला वाटत होतं. आता तसं वाटत नसावं.

जीप निघाली, तळेगावलाच. पण चौकीला नाही. धोंडिबा पुढच्या सीटवर होता, आणि दवाखान्याच्या दारात त्याला उतरवून मग शिपाई परत आले. पुढच्या फेरीत बाजीराव बसला.

८

विठाबाई बाराव्या दिवशी घरी आली. पायऱ्या चढताना दम लागतो, पण जीभ शाबूत आहे.

त्यानंतर आठवड्यानं, पाळीच्या दिवशी सकाळी सातला, धोंडिबाला जॅकवेलपाशी बोंबलाचा वास आला. त्यानं कुणाला फोन केला नाही. आधी वॉलवर चावी आवळली, मग भोंगा हातात घेतला. "पाणी धरू नका. धरलं आसंल तर ओता. का ते मागनं सांगतो."

तासाभरात आरोग्य खात्याची गाडी आली, नमुने घेतले, कारखान्याला विचारलं. कारखाना ठणठणीत होता. नऊच्या सुमाराला मकसूद मान खाली घालून आला.

"धोंडिबाभाऊ, माफ करा. सुक्या मासळीच्या पेट्या धुतल्या मी, नदीच्या वरच्या घाटावर. दुकानापाशी धुतल्या की लोक भांडतात, म्हणून."

कचेरीपुढे जमलेल्या गावात आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग हसू पसरलं. धोंडिबा कानापर्यंत लाल झाला आणि टोपी शोधू लागला. एवढ्यात एकानं हाळी दिली, "मावशी, झालं का तयार? धोंडिबाला काय नाव ठेवायचं?"

सगळे कस्तुराबाईकडे वळले. नाव तयार होतं. तिच्या जिभेवर ते वासाबरोबरच आलं होतं, आणि फार सुरेख होतं. ते तिनं गिळलं. पदरातून पेन्सिल काढली, रजिस्टर उघडलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "इशारा सात दहा. घरं दीडशे. आजारी..."

तिनं मान वर करून गावावरून नजर फिरवली. वरच्या आळीपासून बौद्धवाडीपर्यंत, दारोदारी, सगळे हंडे पालथे होते.

"शून्य," ती म्हणाली, आणि ते शून्य तिनं नेहमीपेक्षा जरा मोठंच काढलं.